दोन आकडी सालं

लग्नाआधी मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. मुलांना सनावळ्यांचा कंटाळा यायचा आणि मला त्या घोकून घेण्याचा भारी उत्साह. एखाद्याने सन चुकवला की त्याला वर्गासमोर उभं करायचं आणि बरोबर सन म्हणून घ्यायचा, दयामाया काही नाही. मुलं माझ्या माघारी मला काय म्हणायची तेही मला ठाऊक होतं. आता अमेरिकेत, पार्सिपनीतल्या या टाउनहाउसच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर एकच विद्यार्थी बसतो. तो रोज सन चुकवतो आणि त्याला उभं करून काही उपयोग नाही. तो माझा नवरा आहे.

यांचा आजार विस्मरणाचा. अजून साठीसुद्धा लागलेली नाही, तरी. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, माहितीपत्रकं हातात ठेवली आणि मऊ आवाजात समजावलं की अशा माणसाचं अलीकडचं आधी जातं, जुनं बरंच टिकतं. त्यांच्या मते ही दिलाशाची गोष्ट होती. दिलासा कोणाला? यांच्या आई असत्या तर त्यांना झाला असता. यांच्या शाळासोबत्यांना होईल. स्वेटर उसवायला घेतला की शेवटी विणलेली ओळ आधी सुटते, आणि मी कोणत्या ओळीत आहे हे मला पक्कं माहीत होतं. आमचं लग्न झालं दोन हजार सालच्या फेब्रुवारीत. त्याआधी यांनी मला एकदाच पाहिलं होतं, अमरावतीला, बघण्याच्या कार्यक्रमात. म्हणजे दोन हजार साल उजाडलं तिथे माझी हद्द. त्याच्या अलीकडे मी बायको, पलीकडे कोणी नाही. क्लिनिकच्या पार्किंगमधून गाडी काढता काढता माझं हे गणित करून झालं होतं. शेजारी हे निवांत खिडकीबाहेर बघत बसले होते.

लग्न फेब्रुवारीत झालं तेसुद्धा दोन हजार सालामुळेच. हे त्याच कामासाठी अमेरिकेत आले होते. आता लोक त्याला हसतात, पण तेव्हा अख्ख्या जगाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये जागा वाचवायची म्हणून साल दोनच आकडी लिहायचे. अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव, आणि मग शून्य-शून्य. शून्य-शून्य आलं की यंत्र समजणार, एकोणीसशे साल. विम्याचे हप्ते, पेन्शन, सगळं शंभर वर्षं मागे. ते निस्तरायला आपल्याकडून पोरांची विमानंच्या विमानं भरून आली, त्यातलेच हे एक. एका विमा कंपनीच्या तळघरात बसून कोबॉल भाषेतले जुनाट प्रोग्रॅम वाचायचे आणि तारखा हुडकायच्या. शेवटी शेवटी तर एक जानेवारी सुखरूप पार पडेपर्यंत कोणाला रजा नव्हती.

लग्नानंतर यांनी मला ती युक्ती समजावून सांगितली होती. सगळीकडे चार आकडे घालायला वेळ नव्हता, म्हणून यांनी प्रोग्रॅममध्ये एक खिडकी बसवली होती, त्यांच्या धंद्यात तिला खिडकीच म्हणतात. पन्नासपेक्षा लहान आकडा आला तर दोन हजारातला समजायचा, मोठा आला तर एकोणीसशेतला. मी म्हटलं, "अहो, पण मग पन्नास साली काय होणार?" हे म्हणाले, "परत बोंब. अगं, ही दुरुस्ती नाहीच, मलमपट्टी आहे. तोवर आपण कुठे असणार?" आणि हसले. मीही हसले. आम्हाला दोघांनाही तेव्हा म्हातारं होण्याची काही कल्पना नव्हती.

क्लिनिकमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कोणतं साल आहे? यांनी गंभीरपणे विचारलं, "टू डिजिट ऑर फोर?" बाई खळखळून हसल्या. मीही हसले, म्हटलं, माणूस जागेवर आहे. मग त्यांनी विचारलं, देशाचा प्रमुख कोण? हे म्हणाले, इथला की आमच्याकडचा? आमच्याकडचं काही सांगू नका, तिथे सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा. बाईंना हा माणूस फारच आवडला. दोन्ही प्रश्नांची उत्तरं यांनी दिलीच नव्हती हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. आणि आमच्याकडची सरकारं अशी पटापट पडायची त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

तेव्हापासून मी यांची परीक्षा घ्यायला लागले. क्लिनिकवाल्यांसारखी नाही, माझ्या पद्धतीने. घरात क्रिकेट हा एकच विषय असा होता की ज्यात हे कधी चुकत नसत, म्हणून मी तोच धरला. आधी परवापरवाचे विश्वचषक गेले, त्याचं मला काही वाटलं नाही, ते माझ्याही लक्षात राहत नाहीत. मग एके दिवशी मी मुंबईतल्या त्या अंतिम सामन्याचा विषय काढला, षटकार मारून जिंकलेला. आम्ही चार कुटुंबांनी मिळून एका बेसमेंटमध्ये बघितला होता. आमची लेक तेव्हा शाळेत होती, तिने गालावर तिरंगा काढून घेतला होता. हे म्हणाले, "आपण कुठले जिंकतोय!" पुढच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेतला हरलेला सामनाही गेला. एवढी मानहानी झाली होती, हे दोन दिवस जेवले नव्हते, आणि आता त्याचं यांना काही दुःखच नाही. म्हटलं तर बरं झालं. पण त्या वेळी लेक पाळण्यात होती. तो सामना गेला म्हणजे पाळणाही गेला.

मग गाडीच्या किल्ल्यांचं झालं. हे दोनदा रूट ४६ वर रस्ता चुकले, दुसऱ्या वेळी पोलिसाने घरी आणून सोडलं. मी किल्ल्या काढून घेतल्या आणि पिठाच्या डब्यात लपवल्या. यांनी घर डोक्यावर घेतलं. पंचवीस वर्षांच्या संसारात यांना इतकं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "तुम्ही चहा घेणार का?"

इथे मला थोडं आमच्या घरचं सांगायला हवं. मी यांना 'अहो' म्हणते, हे मला 'अगं'. आमच्या पिढीत बहुतेक घरांत असंच. पण हे रुसले की मला अहोजाहो करायचे. "तुम्ही म्हणाल तसं." "आपली आज्ञा." तेवढं ऐकलं की समजायचं, स्वारी फुगली आहे. तेव्हा तुम्ही चहा घेणार का म्हटल्यावर मी मनात म्हटलं, आलं लक्षात, किल्ल्यांचा राग. मीही कमी नाही. पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि म्हणाले, "घेऊ की, आपण करणार असाल तर."

यांनी खरोखरच चहा केला. दुसऱ्या दिवशीही केला. "तुम्हाला साखर किती?" "बसा ना तुम्ही, उभ्या का?" मी प्रत्येक वेळी त्याच ठसक्यात उत्तर द्यायचे. खरं सांगते, त्या दिवसांत मी खूश होते. मी दिवसभर एका दंतवैद्याच्या फ्रंट डेस्कवर बसते, लोकांच्या अपॉइंटमेंट कॅन्सल करते आणि परत लावते. घरी येताना, आज काय विसरले असतील याची धास्ती असायची. त्या दिवसांत ती नव्हती. एवढा लांबलचक रुसवा धरता येतो म्हणजे कालचं आज आठवतंय, असं मी स्वतःला समजावत होते. आपल्याकडच्या बाईशिवाय अशी फसगत दुसऱ्या कोणाची होणार नाही.

मग एका शनिवारी नाश्ता करताना हे म्हणाले, "हवा छान आहे. तुम्ही न्यूयॉर्क पाहिलंत का? ते दोन उंच टॉवर आहेत ना, तिथे वर जाता येतं. नवीन आलेल्यांना मी नेतो नेहमी."

हातातला घास खाली ठेवला मी. टॉवर पडले हे यांना माहीत नव्हतं. ज्या दिवशी ते पडले त्या दिवशी आम्ही दोघं आमच्या पहिल्या अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर बसून होतो, तिकडे नोकरीला असलेल्या मित्राला पुन्हापुन्हा फोन लावत. तो दिवस गेला होता, आणि त्याचंही मला आश्चर्य नव्हतं, तो जाणारच होता. पण लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात यांनी मला त्या टॉवरवर नेलं होतं. वर वारा होता, मला चक्कर आली, यांनी माझा हात धरला तो खाली येईपर्यंत सोडला नाही. फोटो आहे हॉलमध्ये. आणि हे मला विचारत होते, तुम्ही पाहिलंत का.

म्हणजे तो रुसवा नव्हता. हे मला खरोखरच 'तुम्ही' म्हणत होते. परक्या बाईला म्हणतात तसं.

मी उठून सिंकपाशी गेले आणि नळ सोडून उभी राहिले. यांनी मागून विचारलं, "तुम्हाला बरं नाही वाटत का?" मला इतका संताप आला की हातातली बशी मी सिंकमध्ये आपटली. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. बशी काही फुटली नाही.

लेक तिकडे दूर पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला असते, एका बायोटेक कंपनीत. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. त्या आठवड्यात यांच्याशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "आई, बाबा इज सो स्वीट टू यू दीज डेज. ही सेज तुम्ही! लाइक, रिस्पेक्ट!" तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तिचं मराठी 'आई-बाबा'पाशीच संपतं. इंग्रजीत यू म्हणजे यू, बायकोही यू आणि बसस्टॉपवरची बाईही यू. हे तिला मी कुठल्या भाषेत सांगू? "दॅट्स अ गुड साइन, राइट?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो गं, चांगलंच आहे. फोन ठेवल्यावर हे कौतुकाने म्हणाले, "तुमच्या मुलीला मराठी चांगलं समजतं हं, इथे वाढून." मी म्हटलं, "तिच्या वडिलांनी शिकवलं." हे म्हणाले, "वा."

डॉक्टरीणबाईंना मी पुढच्या भेटीत सांगितलं की यांनी मला ओळखायचं बंद केलंय. त्यांनी यांना विचारलं, ही कोण? यांनी हसून उत्तर दिलं, "शी इज व्हेरी काइंड." बाईंनी ते टाइप केलं. मग मला म्हणाल्या, त्यांना दुरुस्त करत बसू नका, ते ज्या काळात आहेत त्या काळात तुम्ही त्यांच्यासोबत राहा. मी मनात म्हटलं, बाई, त्या काळात मी अमरावतीत होते. पण हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तेही करून बघितलं. यूट्यूबवर शारजातला तो सामना लावून द्यायला लागले, वाळूचं वादळ आलं होतं तो. हे दरवेळी नव्याने टाळ्या वाजवायचे. पोखरणच्या स्फोटानंतर इथल्या ऑफिसात कोणी काय टोमणे मारले, ते सांगायचे. गल्लीत आपलं कोणी भेटलं की इथल्या तेव्हाच्या अध्यक्षाच्या भानगडीवर तावातावाने बोलायचे आणि तो माणूस माझ्याकडे बघत राहायचा. त्या काळात हे फार आनंदी होते. मला हे माहीत नव्हतं. माझ्याशिवायचा माझा नवरा मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तो मजेत होता. त्याचा मला हेवा वाटला, वाईटही वाटलं.

कुठल्याशा सकाळी 'तुम्ही'च्या मागे 'काकू' आलं. "काकू, तुम्ही बसा, मी आणतो." हे स्वतःच्या हिशेबाने तिशीतले, आणि समोर केस पिकलेली बाई. दुसरं काय म्हणणार? रीतीला धरूनच होतं. मी त्या दिवशी कामावर गेले, सगळ्या अपॉइंटमेंट नीट लावल्या आणि घरी येताना इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून पोटभर रडले. मग मेथीच्या जुड्या घेतल्या.

आता परवाच्या रविवारचं सांगते. दुपारी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून मी मेथी निवडत होते. हे समोर येऊन बसले आणि न सांगता एक जुडी ओढून घेतली. असं हे आधी कधी करत नसत. कदाचित लग्नाआधी करत असतील, चार पोरं एकत्र राहायची तेव्हा. आम्ही दोघं पानं खुडायला लागलो. मग हे म्हणाले, "काकू, एक विचारू? तुम्ही वडीलधाऱ्या आहात म्हणून."

"विचारा."

"सुट्टीत गेलो होतो ना, तेव्हा अमरावतीला एक मुलगी बघून आलो."

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"मोठी तिखट आहे," हे म्हणाले आणि स्वतःशीच हसले. "मी सांगत होतो, दोन हजार साली नवं शतक लागेल, आमचं काम त्याचंच आहे. तर सगळ्यांसमोर म्हणाली, शतक दोन हजार एकला लागतं, शून्य नावाचं साल नव्हतंच. तिच्या वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. इतिहास शिकवते ती."

मी म्हटलं, "मग? काय ठरवलंत?"

"कळवलं नाही अजून. तिकडे सरकार एका मताने पडलं, आता परत निवडणुका. इथे क्लायंट डोक्यावर बसलाय." हे एकेक पान खुडत होते, फार नीट, देठ बाजूला ठेवत.

सरकार एका मताने पडलं तो एप्रिल. मला बघून गेले तो त्याच्या आधीचा हिवाळा. होकार आला दसऱ्याला. सन मला कधीच चुकत नाहीत. एवढे महिने हे का थांबले होते, हे मी लग्नानंतर कितीदा विचारलं असेल. माझ्या वडिलांनी ते महिने कसे काढले ते मी पाहिलं होतं. यांचं उत्तर ठरलेलं असायचं, काम होतं गं.

"कळवायला एवढा वेळ का?" मी विचारलं. आवाज काकूचाच ठेवला.

यांनी आणखी एक काडी उचलली. मग म्हणाले, "नाही म्हणून कळवावं असं वाटतंय. मुलगी आवडली नाही असं नाही. फार आवडली. पण तिथे ती वर्गात उभी राहते, पोरं तिला टरकून असतात. इथे आणून तिला काय देऊ? मी सकाळी जाणार, रात्री येणार. ही दिवसभर चार भिंतींत. कोणाला शिकवेल ती इथे? कोणाशी भांडेल? उद्या मला काही झालं तर तिचं इथे कोण आहे?"

मी मेथीकडे बघत होते. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, या माणसाच्या हे कधी मनातच आलं नाही. आता ते मला कळत होतं, परकी म्हणून. आणि खरं सांगते, 'नाही कळवा' हे शब्द माझ्या तोंडावर आले होते. अमरावतीची शाळा, खडूचा वास, माझ्या माघारी मला नावं ठेवणारी ती कार्टी, सगळं डोळ्यांपुढे आलं. सगळ्या जगात हा एकच माणूस मला अजून त्या वर्गात उभी बघत होता. मी नाही म्हणाले असते तर निदान त्याच्या डोक्यात तरी ती सुटली असती.

"हो कळवा," मी म्हटलं.

"तुम्हाला खरंच वाटतं?"

"हो. ती येईल. तुम्हाला काही झालं तरी राहील." माझा आवाज फाटला. "पण लवकर कळवा हो. ती वाट बघत असेल."

यांनी मान डोलावली. फार समजूतदारपणे, वडीलधाऱ्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं. मग वर्तमानपत्रावरचा पाल्याचा ढीग माझ्याकडे सरकवला आणि पुढची जुडी हातात घेतली.

"कळवतो, काकू," हे म्हणाले. "एवढं दोन हजार साल उजाडू दे."